पोटरीचा घेर

मुलगा मॅटवरून उठला, घडलं ते एवढंच. शनिवारची सकाळ होती, क्लबचा सराव नुकताच आटोपला होता, हॉलमध्ये घामाचा आणि रबराचा एकत्र वास कोंडला होता आणि सहा-सात कुस्तीगीर तिच्या चार वर्षांच्या मुलाभोवती कोंडाळं करून बसले होते. त्यांच्यातल्या सगळ्यात अवाढव्य गड्याला सगळे बुलडोझर म्हणत. त्याने मुलाची पोटरी आपल्या पंजात धरून दाबून पाहिली आणि ओरडला, "अरे बाप रे, दगड आहे हा दगड! सर, याला माझ्यासमोर उतरवू नका हं, माझी अब्रू जाईल." सर म्हणजे तिचा नवरा, क्लबचा प्रशिक्षक. तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत नुसता हसला, पण त्या हसण्यात त्याची छाती दोन बोटं वर आली हे तिने लांबूनही टिपलं. "वहिनी, याला खायला काय घालता?" बुलडोझरने विचारलं. "माझं डोकं," ती म्हणाली. सगळे खिदळले. बुलडोझर खोटं खोटं धडपडत मागे कोसळला, त्याच्याकडे बघून मुलगाही हसत हसत कलंडला, आणि मग दोघंही उठले. बुलडोझर, एकशे पंचवीस किलोचा माणूस, मांडी घातल्या जागेवरून हात न टेकता सरळ उभा राहिला, जसा खुर्चीतून उठावा. आणि मुलगा आधी पालथा झाला, हातांवर आला, बूड वर केलं, एक हात गुडघ्यावर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि आपल्याच मांड्यांना धरून, आपल्याच अंगाला शिडी लावून चढल्यासारखा, हात वर वर सरकवत उभा राहिला. दोन-तीन सेकंदांचं काम. तो असाच उठायचा, रोजच असाच उठायचा, तिने हजारदा पाहिलेलं होतं. पण आज शेजारी बुलडोझर उठला होता. दोन उठणी एकाच नजरेत पडली. कुणी तरी "चला, अंघोळीला पळा" म्हटलं, हॉल रिकामा झाला, मुलगा तिच्याकडे दुडदुडत आला, "आई, मी दगड आहे," म्हणाला. ती वाकली, त्याच्या बुटांची नाडी सुटलेली नसताना ती सोडून पुन्हा बांधत बसली.

काळजी करणं हा तिचा घरातला हुद्दाच होता. मुलगा जन्मला तेव्हा पहिले दोन महिने तिने त्याचे श्वास मोजले होते, वहीत लिहून. त्याच्या कानातला मळ म्हणजे पू आहे समजून तिने एकदा डॉक्टरांना जेवणावरून उठवलं होतं. नवरा चारचौघांत सांगायचा, "हिला सुट्टी दिली तर ही काळजी करायला ऑफिसात जाईल." सासू म्हणायची, "अगं, मूल आहे ते, कोसळणारं छप्पर नाही." त्यामुळे झालं होतं काय, की खऱ्या काळजीलाही घरात कुणी पाट मांडत नसे, आणि तिचाही स्वतःवर भरवसा उरला नव्हता. आताही ती मनाला दटावत होती: पुन्हा सुरू झालं तुझं. पण हात ऐकेनात. घरी आल्यावर मुलगा बादलीत होड्या सोडत होता तेव्हा तिने त्याची ओली पोटरी आपल्या अंगठ्याने हळूच दाबली. ती भरलेली होती, टरटरीत होती, पण हातात आल्यावर जे आलं ते बुलडोझरला जाणवलेलं दगडपण नव्हतं. ते काय होतं ते तिला चटकन म्हणता येईना. दिवसभर माणसांच्या मांड्या-पोटऱ्यांवरून हात फिरवणं हीच तिची नोकरी होती, हजारभर पाय तिच्या हाताखालून गेले असतील. दमल्यावर कडक झालेला पाय तिला कळायचा, सूज आलेला कळायचा, ढिला सोडलेला कळायचा. हा पाय यातला कुठलाच नव्हता. शिजायला टाकलेल्या आणि शिजायचं राहून गेलेल्या कशासारखा तरी तो होता.

ती काम करायची ती प्रयोगशाळा खेळाडूंसाठीच होती. दोन खोल्या, एक सोनोग्राफीचं यंत्र, पाय अडकवून ढकलायची लोखंडी खुर्ची, हाताची पकड मोजायचं एक चिमट्यासारखं यंत्र, आणि मॅडम. मॅडम गेली दोन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या: कुस्ती, बॉक्सिंग, जुदो, असल्या अंगाला अंग भिडवायच्या खेळांतल्या माणसाचा स्नायू जितका जाड, तितकी त्याची ताकद असते का? सोपं वाटतं. जाड दोर तो मजबूत दोर. पण या खेळांत वजनगट ठरलेला असतो, उगाच मांस चढवलं तर माणूस वरच्या गटात जाऊन मार खातो, म्हणून तिथे थोड्या मांसात जास्त ताकद कोंबायची सगळी धडपड. ती खेळाडूंना आडवं झोपवायची, मांडीवर गार जेल लावायची, यंत्राची मूठ टेकवून स्नायूची जाडी मिलिमीटरमध्ये लिहायची, मग त्यांना खुर्चीत बांधून "ढकला, ढकला, अजून ढकला" म्हणून ओरडायची आणि आकडा लिहायची. मॅडम संगणकावर आडवी जाडी, उभी ताकद असे ठिपके मांडत. ठिपक्यांचा थवा खालून वर डावीकडून उजवीकडे चढत जायचा, मधून मॅडमनी एक रेघ काढलेली. बहुतेक माणसं रेघेच्या आसपासच असत. पण काही ठिपके थव्यातून फुटून बाहेर पडलेले, आणि मॅडमचा जीव त्यांच्यातच जास्त. त्यांतला वरचा ठिपका काडीचा. काडी म्हणजे अठ्ठेचाळीस किलोची एक बॉक्सर, हातपाय खरंच काडीसारखे, पण खुर्चीत बसली की तिच्यापेक्षा वीस किलो जड मुलांना लाजवायची. "ही बघ," मॅडम म्हणत, "स्नायू म्हणजे नुसती खोली गं. खोली मोठी असून काय उपयोग, आत कामाला हात किती आहेत ते बघायचं." रेघेच्या खाली, उजवीकडे, जाड पण दुबळा असा कुणी क्वचित सापडायचा. एकदा एक देखणा जुदोवाला निघाला होता, मांड्या अशा की आरशापुढून हलू नये, आणि ताकद शाळकरी मुलाएवढी. गुडघ्याचं जुनं दुखणं लपवत होता बिचारा. मॅडम त्याच्या ठिपक्याला फुगा म्हणत. त्या शब्दावर ती तेव्हा मनापासून हसली होती. शनिवारी रात्रीचं ताट वाढताना तिला ते हसणं आठवलं आणि हातातली पळी पातेल्यात तशीच राहिली.

कारण आता एकेक गोष्ट रांगेत येऊन उभी राहायला लागली. मुलगा दीड वर्षाचा झाला तरी चालत नव्हता, तेव्हा क्लबचे मालीशवाले काका म्हणाले होते, "वजनदार माल आहे, गाडी सावकाश सुटणार." मग चालायला लागला तो टाचा उचलून, पंजांवर. ती घाबरली, तर एका बॉक्सरने टाळी दिली होती, "वहिनी, हे तर जन्मजात फूटवर्क!" आणि तेव्हापासून मुलगा स्वतःच "मी बॉक्सर चालतो" म्हणायचा. पोट पुढे, पाठ मागे अशी चाल, तर नवरा म्हणायचा, छाती काढून चालतो, कुणाच्या बापाला भीत नाही. तो फार पडायचा. मॅटवर वाढतोय, पडायलाच आधी शिकवतात. जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरायचा. शहाणा आहे, पकड सोडत नाही. आणि पोटऱ्या! दुसऱ्या वाढदिवसाला तिनेच हौसेने टेप लावून घेर मोजला होता, शेजारच्या मोठ्या मुलीपेक्षा जास्त भरला म्हणून कागदावर लिहून तो फ्रिजला चिकटवला होता. दुसऱ्या कुठल्या घरात, शिंप्याच्या, कारकुनाच्या, असं मूल असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, याचं काहीतरी चुकतंय, दाखवून आणा. तिच्या घरात प्रत्येक खुणेला खेळातला एक शब्द तयार होता. आणि ती, जिला पगारच मुळी घेर आणि ताकद वेगळी असते हे मोजण्याचा मिळायचा, तीही तो कागद येता-जाता कौतुकाने वाचत आली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी सकाळी बापलेकांच्या बैठका असत. गेले दोन महिने नवऱ्याने तो नेम धरला होता, मुलगा जिन्यावर कुरकुरतो म्हणून. "ताकद आहे याच्यात," तो म्हणायचा, "पण झोपलीय. उठवायला पाहिजे." दोघं खोलीच्या मध्यभागी समोरासमोर उभे राहत आणि मुलगा बापाचे दोन अंगठे धरून खाली-वर करी. "चार... अरे पैलवान, चारातच घाम? पाच... हां, दाब जमीन, दाब!" ती दारात भिजलेल्या हातांनी उभी होती. सहाव्याला मुलाच्या मांड्या थरथरायला लागल्या. "आज पुरे ना," ती म्हणाली. "का?" "दमलाय." "दमायलाच करतोय." "त्याला नाही जमत रे." नवरा थांबला. चिडला नव्हता, समजावायला लागला, आणि समजावणं तिला जास्त लागलं. "तू याला कायम दुबळा करून बघतेस. माझ्याकडे येतात ना पोरं, निम्म्यांची आई अशीच असते. पोरगा पडला की हिचाच गुडघा फुटतो." मुलगा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग म्हणाला, "बाबा, सात करू?" आणि त्याने केली. आठवीही केली. ती सांगू शकत होती. तिच्या जिभेवर काय होतं ते तिला पक्कं माहीत होतं, नाव नव्हतं माहीत, पण आकार माहीत होता. पण नाव नसलेल्या गोष्टीसाठी बापलेकाचा रविवार मोडायचा कसा, आणि उद्या ती पुन्हा कानातल्या मळासारखी निघाली तर? ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीपलीकडून येणारे आकडे मोजत राहिली. दहा झाल्या. नंतर सगळं कळल्यावर तिला या दहांचंच सगळ्यात जास्त लागून राहिलं. आधीच्या दोन महिन्यांतल्या बैठका कुणाच्याच नव्हत्या. या दहा तिच्या होत्या.

सोमवारी नवरा संघाला घेऊन तीन आठवड्यांच्या शिबिराला गेला, आणि तिने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला. प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात बसून. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिने जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "आई, मामाच्या पोटऱ्या कशा होत्या गं?" मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि ती सहा. तिच्या आठवणीत मामा कधी उभा नव्हताच. तो खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसलेला असायचा, रस्त्यावरून जाणाऱ्या बसचे नंबर त्याला पाठ असायचे, आणि वाऱ्याने पान उलटावं तशा बारीक आवाजात तो तिला हाक मारायचा, "ए चिमणे, माझा हात टेबलावर ठेव ना." ते काम तिचं. ती दोन्ही हातांनी त्याचा हात उचलायची. मोठ्या माणसाचा हात, ऊबदार, जड, आणि त्यात मामा कुठेच नसायचा. माणसाचा हात धरला की तो थोडा तरी उलट धरतो. हा हात धरतच नसे. ठेवला की मामा म्हणायचा, "शाब्बास, पैलवान." त्याला काय झालं होतं ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. एक मावशी म्हणायची ताप डोक्यात गेला, एक म्हणायची झाडावरून पडला, आजीच्या तोंडून नुसतं "पाय गेले पोराचे" एवढंच, जसे काही पाय आपले आपण उठून कुठेतरी गेले. फोनवर आईने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "का विचारतेस?" "सहज. सांग ना." "लहानपणी?" "हो, लहानपणी." "टरटरीत होत्या," आई म्हणाली. "शाळेतले मास्तर म्हणायचे, हा पुढे धावण्यात नाव काढणार." जिन्यातून एक शिपाई खुर्च्या घेऊन वर गेला, तिने अंग चोरून वाट दिली. मग आईचा आवाज अगदी बदलून आला, "अगं, कुणाच्या बघितल्यास तू?" "दूध वर येईल माझं, ठेवते," आई म्हणाली. पण दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. दोघी तशाच एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या, आणि तिला वाटलं, ही गोष्ट अशीच आली असणार, आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे, आम्हाला ओरखडाही न काढता, डब्यातून डब्यात ओतलेल्या तेलासारखी, आणि प्रत्येक वेळी सांडलीय ती एखाद्या पोरावर.

बुधवारी मॅडम परगावी गेल्या होत्या. तिने मुलाला शाळेतून आणून प्रयोगशाळेत नेलं. "गार गार जेल लावायचंय," ती म्हणाली. "बाबाला लावतेस तसं?" "तसंच." नवऱ्याचा पाय तिने कितीदा मोजला होता, लग्नाआधीपासून, खरं म्हणजे ओळखच त्या पलंगावर झाली होती, त्याच्या मांडीवर मूठ टेकवून पडद्याकडे बघत ती म्हणाली होती, "सुंदर आहे," आणि तो चक्क लाजला होता. निरोगी स्नायू पडद्यावर काळा दिसतो. काळाभोर, मधून बारीक पांढरे तंतू, आणि तळाशी हाडाची लखलखीत पांढरी रेघ. तिने मुलाच्या पोटरीवर मूठ टेकवली. जाडी भरपूर होती. इतकी की चार वर्षांच्या मुलाला शोभू नये. पण काळं काही नव्हतं. सगळीकडे पांढरट, दाणेदार, दळताना पीठ उडावं तसं, आणि खाली हाडाची रेघ असायला हवी तिथे नुसता अंधुक पुंजका. तिने उजेड कमी केला. जागा बदलली. जेल पुन्हा लावलं. दुसरा पाय घेतला. तिने मशीन बिघडलंय असं मनाशी म्हणून पाहिलं आणि स्वतःची पँट गुडघ्यापर्यंत सरकवून स्वतःच्या पोटरीवर मूठ ठेवली. तिची बारीक, कधी व्यायाम न केलेली पोटरी काळीभोर आली, तळाला रेघेसकट. "आई, तुझा पाय माझ्यापेक्षा घाण आहे," मुलगा पडद्याकडे बघून म्हणाला, "माझा किती पांढरा!" "हो ना," ती म्हणाली. मग त्याला त्या लोखंडी खुर्चीत बसायचंच होतं. नाही म्हटलं तर रडला. पट्टे त्याला पुरत नव्हते, तिने उशी लावून त्याला बांधलं. "ओरड ना तू, सगळ्यांना ओरडतेस तशी." ती ओरडली, "ढकल, ढकल, अजून ढकल," आणि तो लाल होऊन, दात खाऊन ढकलत राहिला. आकड्याची खिडकी शून्यावरून थोडी हलली आणि पुन्हा शून्याशी येऊन बसली. "किती आले?" "खूप," ती म्हणाली. तिने तो आकडा कुठेच लिहिला नाही. पण डोळे मिटले तरी तिला मॅडमचा आलेख दिसत राहिला, थव्यापासून लांब, अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, जिथे रेघेचाही आवाज पोहोचू नये तिथे, एक ठिपका.

मग रक्त झालं, बालरुग्णालयातले मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर झाले, जनुकांची तपासणी झाली. स्नायू झिजले की रक्तात वाढतो तो आकडा दोनशेच्या आत असायला हवा, तो अठरा हजार निघाला, आणि तिला क्षणभर वाटलं छपाईची चूक आहे. डॉक्टर तरुण होते, नाकावरचा चष्मा सारखा वर करत होते. त्यांनी मुलाला जमिनीवर बसवलं आणि उठायला सांगितलं, आणि तो उठेपर्यंतच त्यांचा चेहरा बोलून गेला. पोटऱ्या मोठ्या आहेत त्या स्नायूंनी नाही, ते म्हणाले. स्नायू झिजून झिजून त्यांच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात. जागा भरलेली दिसते, माणसं निघून गेलेली असतात. मॅडमचंच वाक्य कुणी उलटं करून वाचावं तसं. गोळ्या आहेत, त्यांनी चालणं थोडं लांबतं, वजन मात्र वाढतं. दहा-बाराव्या वर्षाच्या सुमारास चाकांची खुर्ची. मग हात. मग श्वासाचे, मग हृदयाचे स्नायू. "पूर्वी विशीही गाठत नसत," ते म्हणाले, "आता काळजी घेतली तर पंचविशीपर्यंत, कधी त्याच्याही जरा पुढे. त्याच्या पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही." आणि जोराचा व्यायाम बिलकुल नको, ते म्हणाले; उठाबशा, उड्या, काही नको, त्याने उरलेले धागे तुटतात. तिने मान हलवली. "करत होता का असं काही?" "थोडं," ती म्हणाली. त्या तीन आठवड्यांत नवऱ्याचा रोज फोन यायचा, मागे शिट्ट्या, आरडाओरडा, कुणाच्यातरी पाठीवर पडलेल्या थापा. "बैठका चालू आहेत ना?" "आहेत." "किती?" "बारा." "वा! मी येईपर्यंत पंधरा." आणि मुलगा तिच्या हातातून फोन ओढून ओरडायचा, "बाबा, मी मोजतच नाही आता!" तिकडे त्याचा बाप आनंदाने हसायचा. त्याला वाटायचं, मोजणं सुटलंय इतक्या होतायत.

नवरा शनिवारी पहाटे परत आला तो घरी सामान टाकून थेट सरावालाच गेला. तिने मुलाला शेजारच्या मावशींकडे ठेवलं आणि सराव संपायच्या सुमाराला क्लबवर पोहोचली. पोरं गेली होती. नवरा एकटाच अनवाणी, फिनाइलच्या पाण्याने मॅट पुसत होता. ते काम तो कुणाला करू देत नसे, मॅटवरून खरूज पसरते, दुसऱ्यावर भरवसा नाही म्हणायचा. "आलीस? चपला तिकडे काढ," तो म्हणाला, "आणि पैलवान कुठाय?" तिने सांगितलं. बसमध्ये ठरवून आणलेल्या वाक्यांतलं एकही उपयोगी पडलं नाही. तिने रोगाचं नाव सांगितलं, रक्ताचा आकडा सांगितला, पडदा कसा दिसला ते सांगितलं. तो पुसत राहिला. एक पट्टा, दुसरा, तिसरा. मग म्हणाला, "पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं, थोडक्यात. "पण त्याच्या पोटऱ्या..." तो म्हणाला. "ते मांस नाही." "मी हाताने बघितलंय." "मीही बघितलंय. ते मांस नाही रे." त्याने फडकं बादलीत बुचकळलं, पिळलं, आणि पिळतच राहिला, त्यातून पाणी गळायचं थांबून कितीतरी वेळ झाला तरी. त्याच्या हातांवरच्या शिरा ताठ उभ्या होत्या. एके काळी ऐंशी किलोचा माणूस खांद्यावरून फेकणारे हात. "बैठकांनी झालं?" "नाही. जन्मतःच होतं." "पण वाढलं असेल." तिने काढलेल्या चपला पायानेच भिंतीकडे सरकवल्या. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं." "तुला?" तिला त्या दहा आठवल्या, भिंतीपलीकडून येणारे दहा आकडे. "शेवटच्या रविवारी मला संशय होता," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं. ओरडेल असं वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. पण पंचाने हात कुणाचा वर केला ते बघून घ्यावं आणि मॅट सोडावी, तसं त्याने नुसतं बघून घेतलं. "आलं कुठून?" "माझ्याकडून. आईकडून मला, माझ्याकडून त्याला. मामालाही हेच होतं." "त्यात तू काय करणार," तो म्हणाला. ते त्याने इतकं सरळ म्हटलं की तिला तिथेच खाली बसावंसं वाटलं. पण ओली मॅट होती, आणि तो पुसत होता, म्हणून ती कडेला भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

कोपरा आला तशी त्याने गुडघ्यावर बसून हाताने घासायला सुरुवात केली. "चालायचं कधी थांबेल?" तिच्याकडे न बघता त्याने विचारलं. "दहा-बारा वर्षांचा होईल तेव्हा." "तेव्हा वजन किती असेल?" तिला प्रश्न कळलाच नाही. "कुणाचं?" "त्याचं. अंदाजे सांग. तुला ते तक्ते पाठ असतात." "पस्तीस," ती म्हणाली, "गोळ्यांनी वाढलं तर चाळीस." "चाळीस म्हणजे काहीच नाही," तो म्हणाला. घासत राहिला. "पंधराव्या वर्षी?" "पन्नास. पंचावन्न." "जिना आहे आपला दोन मजली. पंचावन्न घेऊन जिना चढायचा म्हणजे पाठीवर नाही, पुढ्यात घ्यावं लागेल, त्याची मान तो धरू शकणार नाही ना?" "नाही धरू शकणार." "विसाव्या वर्षी?" "साठ. पासष्ट." "मी एकावन्न तेव्हा." त्याने घासायचं थांबवलं आणि बोटांवर काहीतरी धरलं, सोडलं. नव्या पोराला कुठल्या गटात उतरवायचं, स्पर्धेला किती महिने आहेत, तोवर काय काय करून घ्यायचं, याचा हिशेब करताना त्याचा चेहरा व्हायचा तसाच तो झाला होता. तिने तो चेहरा पूर्वी प्रेमाने पाहिला होता, आता तिला तो पाहवत नव्हता. "मेलेलं वजन जास्त लागतं," तो म्हणाला, मग शब्द चावल्यासारखा थांबला, "म्हणजे, जो स्वतः धरत नाही त्याचं. नुसती ताकद असून चालत नाही, कंबर टिकायला हवी. आत्ताच्या माझ्या कमरेने नाही निभणार. कंबर बांधायला घेतली पाहिजे." तो उठला. फडकं खांद्यावर टाकलं. "आणि तिसाव्या?" त्याने विचारलं, "तो तीसचा होईल तेव्हा मी एकसष्ट. तेव्हा किती धरू?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. डॉक्टरांची पंचविशी आठवून तिने त्याच्याकडे पाहिलं. ओल्या तळव्यांनी तो उभा होता आणि आकड्याची वाट बघत होता.

"सत्तर," ती म्हणाली. "सत्तर धर."

"सत्तर," त्याने मनाशी घोकलं, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ मागे ताणून पाहिली. "उचलेन. आत्तापासून लागलो तर उचलेन मी."